नोंद आणि वहिवाट

लिनक्स कर्नेलच्या सोर्स कोडमध्ये एखाद्या फंक्शनच्या डोक्यावर तिरकी रेघ आणि तिला लागून दोन तारे दिसले, की खालचा मजकूर नुसतं टिपण नसतो, तो दस्तऐवज असतो. पहिल्या ओळीत फंक्शनचं नाव आणि ते काय करतं, हे एका वाक्यात. मग @ हे चिन्ह लावून त्याला दिल्या जाणाऱ्या एकेका गोष्टीचं, म्हणजे पॅरामीटरचं, वर्णन. मग ते कोणत्या स्थितीत बोलावलेलं चालतं, वाटेत ते थांबून राहू शकतं का, कुठलं लॉक आधी घेतलेलं असायला हवं. शेवटी ते परत काय देतं. कर्नेल-डॉक नावाचा एक छोटा प्रोग्रॅम हा मजकूर कोडमधून वेचून काढतो आणि त्याची नीट लावलेली पानं तयार होतात. जगात कुठेही कुणी नवा ड्रायव्हर लिहायला बसला, तर त्याला याच पानांचा आधार असतो.

हा मजकूर म्हणजे कमेंट, आणि कोड चालवणारं यंत्र ती वाचत नाही. कंपायलर ती सुरुवातीलाच टाकून देतो. त्यामुळे ती चुकली तरी कोड बिनबोभाट चालतो, सगळ्या चाचण्या पार करतो आणि कोट्यवधी फोनमध्ये आणि सर्व्हरमध्ये जाऊन बसतो. चूक बाधते ती पुढे कधीतरी, कुणीतरी त्या कमेंटवर विश्वास ठेवून आपला कोड लिहितो तेव्हा. अशा चुका शोधून दुरुस्त करायचं काम मी गेली काही वर्षं साताऱ्यात बसून करते आहे. नोकरी पुण्यातल्या एका कंपनीची, यंत्रांच्या पोटातल्या छोट्या संगणकांसाठी ड्रायव्हर लिहिण्याची. ती घरूनच चालते. कर्नेलमधल्या कमेंट तपासणं हा त्या नोकरीचा भाग नाही, पण ते तिच्यातूनच सुरू झालं. एखादा ड्रायव्हर अडकायचा, कारण शोधत खाली उतरावं, तर कोड एक करतोय आणि त्याच्या डोक्यावरची कमेंट दुसरंच सांगतेय, असं वारंवार दिसायला लागलं.

माझं माहेर सांगलीचं. वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, तलाठी म्हणून निवृत्त झाले. तासगाव आणि मिरज तालुक्यांतल्या सजांवर त्यांची उभी नोकरी गेली. संगणकाशी त्यांचा संबंध आला तो सातबारा ऑनलाइन झाला तेव्हा, तेवढाच. पण मी काय करते हे त्यांना सविस्तर सांगितलं, तेव्हा त्यांनी जो प्रश्न विचारला तो तोवर मला कुठल्याच इंजिनिअरनं विचारला नव्हता. "नोंद एक सांगते आणि वहिवाट दुसरी. मग चुकलंय कोण, हे तू कशावरून ठरवतेस?"

या कामाचा सगळा गाभा त्या प्रश्नात आहे. सातबाऱ्यावर एकाचं नाव आणि शेत कसतोय दुसरा, असं दिसलं की घाईचा माणूस लगेच नोंद बदला म्हणतो. अण्णांचं म्हणणं, तलाठ्यानं आधी बांधावर जायचं. कधी वाटणी होऊन वर्षं लोटलेली असतात आणि नोंद तेवढी मागे राहिलेली असते. तिथे कागद सुधारायचा. कधी कसणाराच शेजाऱ्याच्या हद्दीत घुसलेला असतो. तिथे कागद बरोबर असतो, आणि तो वहिवाटीप्रमाणे सुधारला तर अन्याय पक्का होतो. कमेंट आणि कोड यांचं असंच आहे. दोघांत फरक दिसला म्हणून कमेंट कोडसारखी करून टाकली, तर कधीकधी आपण बगलाच, म्हणजे कोडमधल्या चुकीलाच, मान्यता देऊन बसतो.

सगळ्यात सोप्या चुका नावांच्या. कुणीतरी फंक्शनमधल्या पॅरामीटरचं नाव बदलतो आणि वरची कमेंट तशीच राहते. मग कर्नेल-डॉक जोडीनं दोन इशारे देतो: या पॅरामीटरचं वर्णन नाही, आणि ज्याचं वर्णन आहे ते पॅरामीटर फंक्शनात नाही. कधी फंक्शनचंच नाव बदललेलं असतं आणि मथळ्यात जुनं नाव उरलेलं असतं. कधी साध्या टिपणाच्या सुरुवातीला चुकून दोन तारे पडलेले असतात आणि प्रोग्रॅम त्याला दस्तऐवज समजून त्यात पॅरामीटर शोधत बसतो. तिथे एक तारा पुसला की झालं. हे इशारे यंत्र शोधून देतं, त्यामुळे नवा माणूस इथूनच सुरुवात करतो आणि ते योग्यच आहे. पण इथेही नुसतं जुनं नाव खोडून नवं लिहिणं पुरत नाही. नाव का बदललं हे पाहावं लागतं. 'लांबी' या अर्थाचं नाव जाऊन तिथे 'संख्या' या अर्थाचं आलं असेल, तर आधी तो आकडा बाइटमध्ये मोजला जात होता आणि आता तो तुकड्यांची मोजदाद आहे, असं असू शकतं. नाव जुळवलं आणि वर्णनात बाइट तसेच राहू दिले, तर इशारा बंद होतो आणि खोटेपणा मात्र अधिक विश्वासार्ह दिसायला लागतो. आधी निदान यंत्र ओरडत तरी होतं.

माझा जीव खरा गुंततो तो फंक्शन काय परत देतं या ओळीत. वापरणाऱ्या प्रोग्रॅमच्या मेमरीतून कर्नेलमध्ये माहिती आणणारं 'कॉपी फ्रॉम युजर' हे फंक्शन घ्या. कर्नेलमधली पुष्कळशी फंक्शनं काम झालं तर शून्य आणि फसलं तर ऋण आकडा देतात. हे मात्र किती बाइट आणता आले नाहीत, तो आकडा देतं. सगळं आलं तर शून्य, अर्धवट आलं तर धन आकडा. ज्यानं कमेंट वाचली नाही, तो ऋण आकड्याची वाट पाहत बसतो आणि अर्धवट आलेली माहिती पुरी आली असं समजून पुढे जातो. या फंक्शनची कमेंट स्वच्छ आहे, म्हणून वाचणारा तरी वाचतो. तशी ती नसती, तर काय झालं असतं याचा विचार करावा.

दुसरं उदाहरण याहून बोलकं आहे. एखादं उपकरण वापरात आहे का, की त्याला झोपवून वीज वाचवावी, हे ठरवायला कर्नेल प्रत्येक उपकरणामागे वापराचा एक आकडा ठेवतो. 'पीएम रनटाइम गेट सिंक' हे फंक्शन तो आकडा एकनं वाढवतं आणि उपकरण जागं करतं. ग्यानबाची मेख अशी, की उपकरण जागं झालं नाही तरी आकडा वाढलेलाच राहतो. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना वाटायचं, काम फसलं म्हणजे काहीच झालं नाही. ते तिथूनच चूक परत देऊन बाहेर पडायचे. आकडा वर अडकायचा आणि ते उपकरण पुन्हा कधी झोपायचंच नाही. एका गैरसमजातून कितीतरी ड्रायव्हरांमध्ये हाच बग शिरला. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या ५.१० या आवृत्तीत एक नवं फंक्शन दिलं गेलं, जे फसल्यावर आकडा स्वतःच खाली आणतं, आणि आता जुन्याच्या कमेंटमध्ये नव्याचा विचार करा असं सुचवलेलं आहे. एवढ्या सगळ्या ड्रायव्हरांचे लेखक अडाणी नव्हते. आकडा केव्हा वाढतो आणि केव्हा उतरतो, हे त्यांच्या डोळ्यांसमोर लख्ख नव्हतं.

उपकरणाची नोंदणी करणारं 'डिव्हाइस रजिस्टर' हे फंक्शन याच जातीचं. नोंदणी फसली तरी त्या उपकरणाची मेमरी थेट मोकळी करायची नाही, आपला संदर्भ ठराविक फंक्शनद्वारेच सोडायचा. तिथल्या कमेंटमध्ये 'कधीही नाही' या शब्दाला दोन्ही बाजूंनी खालच्या रेघा जोडून तो ठसवलेला आहे. सबंध कर्नेलमध्ये मला आवडणाऱ्या ज्या थोड्या ओळी आहेत, त्यांत ही एक. लिहिणाऱ्यानं हा घोटाळा किती वेळा निस्तरला असेल, हे त्या रेघांवरून कळतं.

लिनक्स ज्या धर्तीवर उभं राहिलं त्या युनिक्सच्या इतिहासात याच्या उलट टोकाची एक कमेंट प्रसिद्ध आहे. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत, एका प्रोसेसकडून दुसऱ्या प्रोसेसकडे जाण्याच्या अवघड जागी, हे तुम्हाला समजावं अशी अपेक्षा नाही, अशा अर्थाची ओळ होती. न्यू साउथ वेल्स विद्यापीठातले जॉन लायन्स यांनी त्या आवृत्तीच्या कर्नेलच्या कोडवर विद्यार्थ्यांसाठी ओळवार भाष्य लिहिलं. परवान्याच्या अटींमुळे ते जवळपास वीस वर्षं खुलेपणानं छापता आलं नाही. झेरॉक्सवर झेरॉक्स काढून जगभर वाचलं गेलं आणि १९९६ मध्ये रीतसर प्रसिद्ध झालं. पुढे युनिक्सचे एक कर्ते डेनिस रिची यांनी सांगितलं, की ती ओळ उद्धटपणानं लिहिलेली नव्हती, हे परीक्षेला येणार नाही अशा भावनेनं लिहिलेली होती. पण त्यांनी आणखीही एक गोष्ट मोकळेपणानं सांगितली: आत काय चाललंय, हे लिहिणाऱ्यांनाही पुरतं उमगलेलं नव्हतं. ती युक्ती पुढे बदलावी लागली. जिथे कमेंट लिहिता येत नाही तिथे कोडमध्येच काहीतरी कच्चं असतं, हा माझा आजवरचा अनुभव आहे, आणि युनिक्सचे कर्तेही त्याला अपवाद नव्हते.

आता अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर देणारा माझा स्वतःचा एक प्रसंग. एका सेन्सरच्या ड्रायव्हरमध्ये कमेंट म्हणत होती, यश आलं तर शून्य, चूक झाली तर ऋण आकडा. कोडमध्ये मात्र एका वाटेनं 'एक' परत येत होता, सेन्सर आधीच चालू आहे अशा अर्थानं. कमेंटमध्ये तेवढी ओळ वाढवून पॅच, म्हणजे बदलाचा प्रस्ताव, पाठवायला दोन मिनिटंही लागली नसती, आणि तो बहुधा स्वीकारलाही गेला असता. मी त्या फंक्शनला बोलावणाऱ्या सगळ्या जागा काढून वाचल्या. काही जागी ऋण आकडाच अपयश धरला होता. काही जागी शून्य सोडून काहीही आलं की अपयश. म्हणजे सेन्सर आधीच व्यवस्थित चालू असेल, तर तो बिघडला आहे असं तिथल्या कोडला वाटत होतं. मग इतिहास पाहिला. मूळ लेखकानं कमेंट लिहिली तेव्हा ती वाट नव्हतीच. ती नंतर दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्याच कामासाठी घातलेली होती. हद्द ओलांडली होती ती कोडनं. मी मेंटेनरला, म्हणजे तो भाग सांभाळणाऱ्याला, आधी प्रश्न विचारला, बोलावणाऱ्या जागांची यादी जोडली, आणि त्याचं उत्तर आल्यावर कोड बदलणारा पॅच पाठवला. कमेंट दुरुस्त करायला गेले होते, तिचा एक शब्दही हलला नाही. माझ्या मते ते मी केलेलं सगळ्यात चांगलं काम आहे.

हे इतिहास पाहणं गिटमुळे शक्य होतं. कुठलीही ओळ कुणी, केव्हा, का घातली, हे गिट सांगतं, आणि सगळा इतिहास आपल्याच लॅपटॉपवर असतो. साताऱ्याहून सांगलीला जाताना मी जमेल तेव्हा कोयना एक्स्प्रेस धरते. माहुलीच्या स्टेशनवर बसलं की कऱ्हाड, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी मागे पडेपर्यंत एखादी फाइल आरपार वाचून होते. नेटवर्क धड लागत नाही, फोन वाजला तरी मध्येच तुटतो, आणि या कामाला तेच हवं असतं. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी लागते. लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट लिहून कर्नेल त्यात आणला, तेव्हा आधीचा इतिहास सोबत घेतला नाही. २.६.१२ या आवृत्तीच्या कच्च्या खर्ड्यापासून नोंदी सुरू होतात. एखाद्या ओळीचा माग त्या पहिल्या अगडबंब नोंदीवर येऊन थांबला, तर ती ओळ त्याहून जुनी आहे एवढंच कळतं. १९९१ ते २००५ या काळातल्या कमेंटना हात लावताना मी अधिक जपून असते. त्या काळचं कारण शोधायला दुसरीकडे जावं लागतं आणि कारण सापडल्याशिवाय ओळ पुसणं मला पटत नाही.

पॅच म्हणजे साधा ई-मेल. रंगीत अक्षरं नाहीत, जोडपत्र नाही. काय होतं, काय केलं, का केलं, आणि खाली बदललेल्या ओळी. तो कुणाला पाठवायचा हे सांगणारी एक स्क्रिप्ट कर्नेलमध्येच आहे, आणि पाठवण्याआधी मजकूर तपासणारी दुसरी. जुलैच्या पावसात साताऱ्यात वीज जाते, इंटरनेट रांगायला लागतं, तरी एवढासा ई-मेल जातोच. तो सगळ्यांसमोर उघडा असतो, कुणीही हरकत घेऊ शकतं. हरकत आली की सुधारून दुसरी आवृत्ती पाठवायची आणि पहिलीपेक्षा काय बदललं तेही लिहायचं. मेंटेनरनं घेतला, की तो आधी त्याच्या शाखेत, मग पुढच्या आवृत्तीसाठी एकत्र केलेल्या चाचणीच्या शाखेत, आणि शेवटी टोरवाल्ड्स यांच्याकडे जातो. साधारण नऊ-दहा आठवड्यांनी एक आवृत्ती निघते. पहिले दोन आठवडे नवे बदल आत घेण्याचे, बाकीचे नुसते निस्तरण्याचे. चुकीच्या आठवड्यात पाठवलं तर उत्तराची वाट पाहण्यात महिना जातो, आणि त्यात कुणाचा दोष नसतो.

अण्णांना हे सांगताना वेगळं काही समजवावं लागलं नाही. फेरफाराची नोंद गाव नमुना सहामध्ये धरायची, चावडीवर नोटीस लावायची, हितसंबंधितांना कळवायचं, हरकतीला १५ दिवस द्यायचे, मंडळ अधिकाऱ्यानं ती प्रमाणित करायची आणि मगच सातबाऱ्याला हात लावायचा, हे सगळं महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे त्यांनी आयुष्यभर केलेलं. त्यांना नवल वाटलं ते एवढंच, की कर्नेलमध्ये हे करणारा माणूस तिऱ्हाईत असतो आणि तरी त्याची नोंद धरली जाते. त्याचं उत्तर सहीत आहे. प्रत्येक पॅचखाली आपलं नाव घालून, हा मजकूर देण्याचा मला अधिकार आहे, असं जाहीर करावं लागतं. एससीओ या कंपनीनं २००३ मध्ये आयबीएमवर दावा लावला आणि लिनक्समध्ये आपला कोड घुसवल्याचा आरोप केला. त्यानंतर २००४ पासून ही पद्धत आली. माझा पहिला पॅच माहेरच्या आडनावानं गेला आणि पुढचे सगळे त्याच नावानं जातात. घरात त्यावर चर्चा झाली. सासूबाईंनी ती एका वाक्यात मिटवली: "जिनं काम केलं तिचं नाव."

जमीन महसूल कायद्यातल्याच कलम १५५ विषयी अण्णा फार कडक बोलतात. ते कलम लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी आहे. अक्षर चुकलं, आकडा उलटा पडला, तर तहसीलदारांना ते दुरुस्त करता यावं, एवढाच त्याचा हेतू. पण नुसती लेखनातली चूक आहे असं म्हणत मालकीच बदलून घ्यायचे प्रयत्न त्यांनी पाहिले होते. म्हणून त्यांचा नियम असा होता, की दुरुस्ती जितकी लहान म्हणून सांगितली जाईल, तितके मागचे कागद जास्त पाहायचे.

कर्नेलच्या जगाला हा धडा एप्रिल २०२१ मध्ये मिळाला. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी, मेंटेनर कितपत सावध असतात हे पाहण्यासाठी, वरून किरकोळ दुरुस्ती वाटतील पण आत दोष पेरतील असे पॅच पाठवले होते. ते उघडकीला आल्यावर कर्नेलचे एक मेंटेनर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाकडून येणारे बदल थांबवले. मग त्या विद्यापीठातून पूर्वी आलेले चारशेहून अधिक बदल स्वयंसेवकांनी पुन्हा एकेक करून तपासले. त्यांतले बहुसंख्य चांगलेच निघाले. संशोधकांनी आपला निबंध मागे घेतला. माझ्यासारख्या, अनोळखी गावातून छोट्या दुरुस्त्या पाठवणाऱ्या माणसांना त्याची झळ लागली. उत्तरं उशिरा यायला लागली, एका ओळीच्या बदलालाही, हे तू स्वतः तपासलंस का, असं विचारलं जाऊ लागलं. मला तो प्रश्न रास्त वाटतो. त्या प्रयोगाचा मला आजही राग येतो, कारण तो मेंटेनरांच्या फुकट दिलेल्या वेळावर केलेला होता. पण विचारणा वाढली हे चांगलंच झालं. तपासलं असेल तर सांगायला दोन ओळी लागतात.

लहान दुरुस्त्यांविषयी मेंटेनरांची एक तक्रार जुनी आहे, आणि ती खोटी नाही. एकच शब्द दोनदा पडला होता म्हणून पॅच, स्वल्पविरामासाठी पॅच. प्रत्येक पॅच कुणीतरी वाचायचा, शाखेत घ्यायचा, आणि पुढे कुणी इतिहास पाहील तेव्हा एक थर वाढलेला. माझं मत असं झालं आहे, की कर्नेल-डॉकच्या पानांवर छापून येणारी चूक कितीही लहान असली तरी दुरुस्त करावी. पण कोडच्या पोटातल्या कुणालाही न फसवणाऱ्या चुकीच्या स्पेलिंगसाठी स्वतंत्र पॅच पाठवू नये. त्या फाइलमध्ये दुसरं काही काम निघालं, तर ते तेव्हा करावं.

यापेक्षा मोठा धोका मला पोकळ वर्णनांचा वाटतो. यंत्र इशारा देतं, अमुक पॅरामीटरचं वर्णन नाही. मग कुणीतरी 'फ्लॅग्ज' या नावापुढे 'फ्लॅग्ज' एवढंच लिहितो, 'डिव्हाइस'पुढे 'डिव्हाइस'. इशारा गप्प होतो, यादीतून एक ओळ कमी होते, पाठवणाऱ्याच्या नावावर एक पॅच चढतो, आणि वाचणाऱ्याला काहीही मिळत नाही. उलट नुकसान होतं, कारण इशारा होता तोवर इथे काम बाकी आहे हे दिसत होतं. अलीकडे असं वर्णन यंत्राकडूनच लिहून घेणारेही भेटतात. त्यात वाक्यं गुळगुळीत असतात आणि कोडमध्ये नसलेली एखादी हमीही सहज देऊन टाकलेली असते: हे फंक्शन कुठूनही बोलावता येतं, वगैरे. आत म्युटेक्स, म्हणजे मोकळं होईपर्यंत थांबायला लावणारं लॉक, घेतलेलं असेल तर ते इंटरप्टमधून, म्हणजे उपकरणानं मध्येच दिलेल्या हाकेच्या वेळी, बोलावता येत नाही. तिथे थांबायला जागाच नसते. अशी एक ओळ छापली गेली आणि कुणी तिच्यावर विसंबलं, की कुठलंतरी यंत्र कधीतरी गोठणार, आणि का गोठलं हे शोधायला त्या माणसाचे दिवस जाणार. ज्याला वर्णन माहीत नाही त्यानं इशारा तसाच राहू द्यावा.

सांगलीत मी विश्रामबागला वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले. १९४७ मध्ये धोंडूमामा साठे यांनी सुरू केलेलं हे कॉलेज, आणि तिथला विद्यार्थ्यांचा लिनक्स युजर्स ग्रुप. लिनक्सशी माझी ओळख तिथलीच. आता माहेरी गेले की तिथल्या आणि आसपासच्या मुलामुलींशी बोलणं होतं, साताऱ्यातही होतं. त्यांतली बरीचशी खेड्यांतून आलेली, मराठी माध्यमातली. त्यांना कर्नेलच्या कोडची भीती वाटत नाही, भीती वाटते ती इंग्रजीची. आपण काय इंग्रजांच्या कमेंट दुरुस्त करणार, असं ती म्हणतात. या भीतीला आधार नाही. या कमेंट लिहिणारे पुष्कळजण जर्मन आहेत, चिनी आहेत, कोरियन आहेत, ब्राझिलचे आहेत. इंग्रजी त्यांच्याही घरची भाषा नाही. कर्नेलला लागणारं इंग्रजी चार-पाचशे शब्दांत बसतं. कठीण असतं ते वाचणं. फंक्शन आत काय करतं, कुठल्या वाटेनं काय परत येतं, त्याला कोण कोण बोलावतं, हे शेवटपर्यंत न कंटाळता वाचणं. ते ज्याला जमतं त्याचं मोडकंतोडकं वाक्य मेंटेनर स्वतः नीट करून घेतात. मी ते पाहिलेलं आहे. ज्याला ते जमत नाही त्याच्या सफाईदार वाक्याचा उपयोग नाही.

म्हणून सांगली, सातारा, कऱ्हाडला इंजिनिअरिंग शिकणाऱ्यांना माझी विनंती आहे. कर्नेलचा कोड एकदा उतरवून घ्या; काही जीबी आहे, रात्री लावून ठेवा. आपल्याच लॅपटॉपमध्ये चालणारा एखादा ड्रायव्हर निवडा आणि इशारे चालू ठेवून तो बांधा. जो इशारा येईल त्याचं फंक्शन वाचा, त्याला बोलावणाऱ्या सगळ्या जागा वाचा, त्या ओळीचा इतिहास पाहा. चूक कमेंटची की कोडची, हे स्वतःच्या शब्दांत, हवं तर मराठीत, वहीत लिहून काढा. ते लिहिता आलं तरच पॅच करा. खाली आपलं पूर्ण नाव घाला. हरकत आली, तर तिच्यात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर शोधा आणि दुसरी आवृत्ती पाठवा.